चाळणीतलं शेवाळ

माझी सून भांडत नाही. तिच्याविरुद्ध माझी ही एकच तक्रार आहे, आणि ती लहान आहे असं ज्याला वाटत असेल त्याने अशा सुनेबरोबर एक वर्ष काढून दाखवावं. तिचा आवडता कप माझ्या हातून फुटला, ती म्हणाली, "असू दे आई." तिचं लोकरीचं जाकीट मी गरम पाण्यात घालून बाहुलीच्या मापाचं करून ठेवलं, तरी "असू दे आई." फोनवर मी बहिणीला सांगत होते की आमच्या घरी नव्या माणसाला केर काढायचा म्हणजे कोपरे सोडून काढायचा असं वाटतं, ते तिने दारात उभं राहून ऐकलं आणि पुन्हा झाडू घेतला. माणसाने बोलावं. मी चार शब्द बोलेन, तू चार बोल, अर्धा दिवस दोघींनी तोंडं फिरवून बसावं आणि संध्याकाळी चहा टाकताना साखर किती एवढं विचारून मिटवावं. घर अशाने नांदतं. हिच्याशी वाद घालायचा म्हणजे उशीवर बुक्के मारायचे. समोरच्याला लागत नाही आणि दमतो आपण.

तर या न भांडणाऱ्या बाईने माझ्या घरात शेवाळ पाळलं.

अडतीस वर्षं मी न्हाणीघराच्या कोपऱ्यातलं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडत आले आहे. ब्लीचिंग पावडरने माझी नखं गेली. आणि मागच्या खोलीत, जिथे माझं शिवणाचं मशीन होतं तिथे खिडकीजवळ, सुनेने हातभर लांब ट्रे ठेवला, त्यावर काचेचं झाकण, आत शेवाळ, आणि माझं मशीन कपाटाच्या मागे. ती म्हणाली, हे शेवाळ नाही, मॉस आहे, याचं नाव स्फॅग्नम. मी दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा शिंक येऊन अडल्यासारखं झालं. मग मी शेवाळच म्हणत राहिले. दिसायला वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. बारीक हिरव्या चांदण्या एकमेकींना चिकटून बसाव्यात तसं होतं. पण वाढ म्हणाल तर वर्षात मूठभराचं ट्रेभर. एवढ्या वेळात माझा मुलगा चालायला लागला होता.

हौस असती तर मी दोन दिवसांत निकाल लावला असता. पण त्यात तिची नोकरी अडकली होती. गावातल्या वनस्पती उद्यानात एक जागा निघणार होती, आणि तिथला नियम असा की उमेदवाराने स्वतः घरी वर्षभर जगवलेलं काहीतरी अवघड झाड घेऊन यायचं, सोबत रोजची नोंदवही. तारीख वीस. मुलाची दोन वर्षांसाठी दुसरीकडे बदली झालेली. नोकरी मिळाली तर सून इथे राहणार, नाही मिळाली तर सामान बांधून त्याच्याकडे जाणार. मला काय हवं होतं ते मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

आणि नेमकी तिची आई पायरीवरून घसरली. मांडीचं हाड. सुनेला पाच आठवडे माहेरी जाणं भाग होतं. निघताना तिने शेवाळाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला. सात ओळी. अक्षर एवढं मोठं की रस्त्यापलीकडच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावं. मी चौथीपर्यंत शिकले आहे. पाचवीत का गेले नाही ती माझ्या वडिलांची चूक, माझी नाही. पण चौथीत जे शिकवलं ते मी पुसलेलं नाही, आणि लहान अक्षर मला दिसतं. तरी तेही मी गिळलं असतं. पण तो कागद तिने समजावून सांगितला आणि रोजची नोंदवही सोपवली कोणाला, तर ह्यांना. म्हणजे माझ्या नवऱ्याला, ज्यांना गॅस बंद केला का हे बघायला उठवलं तर ते दिवा बंद करून परत येतात. हे मान डोलावत होते. हे सगळ्याला मान डोलावतात, ऑफिसात बत्तीस वर्षं त्याचाच पगार मिळाला. मी दारात पोळपाट हातात घेऊन उभी होते, आणि माझ्याकडे बघून सून फक्त एवढंच म्हणाली की आई, तुम्हाला त्रास नको.

तिची रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी ह्यांच्या हातून झारी काढून घेतली, म्हणजे ती पाणी फवारायची बाटली, आणि सांगितलं की या घरात जे जगतं ते माझ्या हाताखाली जगतं. ह्यांनी मान डोलावली.

पहिली चूक मी तिसऱ्या दिवशी केली, आणि ती मी महिनाभर कोणाला सांगितली नाही. आमच्या एसीच्या पाण्याची नळी मागच्या गॅलरीत येते. खाली बादली ठेवलेली, आणि तिच्यात दुपारभर टप, टप, टप. मी दुपारी अर्धा तास पाठ टेकते, तेवढीच माझी चैन. बादलीवर फडकं घालून पाहिलं, त्याला वास यायला लागला. त्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की हे मॉस स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी शोषतं. मी विचार केला, एवढा गुण अंगात असून हे नुसतं काचेखाली बसून आहे. ट्रेच्या कोपऱ्यातून एक मूठ उचलली, जुन्या चाळणीत पसरली आणि चाळणी बादलीच्या तोंडावर नळीखाली ठेवली. आवाज बंद. पाणी शेवाळात मुरायचं आणि चाळणीच्या कडेकडेने चोरासारखं बादलीत उतरायचं. मी झोपले. कोपऱ्यातला खड्डा आजूबाजूचं शेवाळ थोडं सरकवून बुजवला आणि विसरून गेले. म्हणजे विसरले असं सगळ्यांना वाटू दिलं.

दुसरी चूक ह्यांची. सुनेने मागच्या पावसाचं पाणी दोन कॅन भरून ठेवलं होतं, याच कामासाठी. पहिली ओळ तीच होती, नळाचं पाणी अजिबात नको, आधी कॅनमधलं पावसाचं वापरायचं. आठव्या दिवशी रस्ता खणताना कोणीतरी मोठी पाइप फोडली आणि नळ बंद पडले. मी पिण्याचं पाणी आणायला खाली गेले. परत येते तर हे केसांना तेल लावून, भांग पाडून, वर्तमानपत्र वाचत बसलेले. म्हटलं, अंघोळ कशी केलीत. तर म्हणाले, होतं ना पाणी, दोन कॅन, छान मऊ होतं, साबणाला फेसही भरपूर आला. माझ्या सुनेने वर्षभर जपलेलं आभाळ या माणसाने काखेतून वाहून घालवलं.

आता दुसरी ओळ लागू झाली. पावसाचं संपलं तर फिल्टरच्या पिण्याच्या नळाचं द्यायचं. इथे मला थोडं बोलू द्या, कारण पुढे सगळ्यांनी मला याच एका गोष्टीवरून धरलं. आमचा फिल्टर एक भांडं चांगलं पाणी देतो तेव्हा तीन भांडी टाकाऊ पाणी मागच्या बारीक नळीतून बाहेर सोडतो. ते मी बादलीत धरते. त्याने फरशी पुसली जाते, गॅलरीतल्या कुंड्यांना तेच जातं, आणि कुंड्या कशा आहेत ते कोणीही येऊन बघावं. माणसांनी प्यायचं पाणी, जे मशीन घरघर करत थेंबाथेंबाने गाळतं, ते शेवाळाला पाजायचं हे मला पटलं नाही. पटण्यासारखं होतं का सांगा. घरातलं चांगलं पाणी माणसाला आणि उरलेलं झाडाला, यात मी नवीन काय केलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता, हात धुऊन, त्या बादलीतलं पाणी शेवाळाला दिलं. हयगय हा शब्द माझ्याबाबतीत कोणी वापरू नये.

आठवड्याभरात चांदण्यांची टोकं पिवळी पडली. दहा दिवसांत तपकिरी. मी पाणी वाढवलं.

समोरच्या दारात मास्तरीणबाई राहतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण समोर माणूस उभा राहिला की त्यांना वर्ग भरल्यासारखं वाटतं. त्यांनी झाकण उचलून वास घेतला आणि सांगितलं की याला चुना कमी पडतोय, अंड्याची टरफलं कुटून घाला, आमचा गुलाब बघा. मी गुलाब बघितला. गुलाब खरंच चांगला होता. मी टरफलं कुटली, वस्त्रगाळ केली आणि पीठ भुरभुरवावं तशी वरून भुरभुरवली. चार दिवसांत उरलेलं हिरवंही पांढरं पडलं, आणि त्यावर बुळबुळीत काळसर काहीतरी आलं, जे खऱ्या अर्थाने शेवाळ होतं आणि जे मला ओळखता आलं.

मग मास्तरीणबाई जे बोलल्या ते टरफलांपेक्षा वाईट होतं. जिन्यात मला गाठून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला कळतं हो सगळं. एकुलता एक मुलगा लांब, सून इथे राहून करणार काय. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत, पण लोक बोलतील."

मला तोवर वाटत होतं की शेवाळ मरतंय. माझं नाव मरतंय हे तेव्हा कळलं. सासूने सुनेची नोकरी हुकावी म्हणून तिचं झाड मारलं. ऐकायला किती सोपं आहे, आणि खरं वाटायला त्याहून सोपं. मी माझ्या बाजूने काय पुरावा देणार होते? रोज दोनदा पाणी घातलं? विष घालणाराही रोज दोनदाच घालतो.

त्याच आठवड्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायला बॅटरीवाला आला. त्याने ट्रेकडे बघितलं, कागद वाचला, आणि म्हणाला की काकू, यात काहीच मिसळलेलं नसावं असं पाणी हवंय, माझ्याकडचं हे बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घालून बघा, कॅन इथेच ठेवतो. मी त्याला विचारलं की तुझ्या आईला तू बॅटरीतलं पाणी पाजशील का. तो कॅन घेऊन गेला. पुढे कळलं की महिनाभरात या घरात शहाणपणाचं बोललेला तो एकटा माणूस, आणि मी त्याला चहासुद्धा दिला नाही.

शेवटी मी ठरवलं की तसाच दुसरा ट्रे आणायचा आणि तिथे ठेवून द्यायचा. खोटेपणा झाला, मान्य. पण इभ्रत वाचवायची म्हटल्यावर माणूस काचेचा तुकडाही हिरा म्हणून मिरवतो. आता स्फॅग्नम मिळणार कुठे? हे म्हणाले, उद्यानात. आणि मी, डोकं ठिकाणावर असलेली बाई, ह्यांचं ऐकून ह्यांच्याबरोबर गेले.

उद्यानाच्या कचेरीत तीन खिडक्या. पहिली रोपांची, दुसरी बियांची, तिसरी तक्रारींची. रोपांच्या खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म दिला. झाडाची उंची, फुटांत. मी म्हटलं, अर्धं बोट. तो म्हणाला, फुटांत. ह्यांनी शून्य लिहिलं. नग किती? मी म्हटलं, एक ट्रे. तो म्हणाला, ट्रे आमच्याकडे नगात बसत नाही, नग मोजून या. मुळांसकट हवं का मुळांशिवाय? मी सांगितलं की याला मुळंच नसतात, सून तसं म्हणते. तो म्हणाला, मुळं नाहीत तर ते रोप नाही, बियांच्या खिडकीत जा. बियांच्या खिडकीने विचारलं, बी आहे का. नाही. मग इथे का आलात? तिसऱ्या खिडकीत मी गेले आणि पहिल्या दोन खिडक्यांची तक्रार केली, तर तिथला म्हणाला की तक्रार लेखी द्या. मी लेखी देते असं म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जसं पाहिलं त्याचाही एक फॉर्म असायला हवा होता.

परत पहिल्या खिडकीशी. "इतर" नावाचा एक रकाना निघाला, पण इतरला साहेबांची सही लागते आणि साहेब मंगळवारी बसतात, या मंगळवारी मात्र रजेवर. कारकुनाने सहज म्हणून विचारलं की कारण काय लिहू. मी म्हणणार होते, हौस. तेवढ्यात हे पुढे झाले. आयुष्यात कधी नाही ते स्वतःहून पुढे झाले, आणि अगदी आपुलकीने सांगू लागले की आमच्या सूनबाई वीस तारखेला इथेच येणार आहेत परीक्षेला, त्यांचं मॉस आमच्याकडून मेलं, म्हणून त्यांना कळायच्या आत तसंच दुसरं हवंय. आणि तिचं नाव सांगितलं. आडनावासकट, हिज्जे करून. कारकुनाने ते एका वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी त्या कचेरीत वेगाने झालेलं तेवढं एकच काम.

रस्त्यात मी ह्यांच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर पुष्कळ बोलले.

कचेरीतून सुनेला फोन गेला, आपली वनस्पती जिवंत आहे का ते कळवावे. अठरा तारखेला दुपारी ती दारात उभी. प्रवासाने चेहरा उतरलेला, हातात एकच पिशवी. मागच्या खोलीत गेली. झाकण काढल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मग ती बाहेर आली, पाणी प्यायली, भांडं विसळून पालथं घातलं आणि म्हणाली, "असू दे आई."

मी म्हटलं, "नाही असू देणार. बोल. तुझ्या मनात आहे ते बोल, नाहीतर जन्मभर तू 'असू दे' म्हणशील आणि मी ते ऐकत मरेन."

ती अगदी हळू म्हणाली, "मुद्दाम केलंत?"

"नाही."

"मग कागद वाचला का नाहीत? एवढं मोठं लिहिलं होतं मी."

तेव्हा मी हात बांधून उभी राहिले आणि सातही ओळी तिला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. नळाचं नको, आधी पावसाचं, ते संपलं तर पिण्याच्या नळाचं, वीसपट शोषतं, थेट ऊन नको, खत नको, झाकण दिवसातून दोनदा उघडायचं, काही अडलं तर मला फोन करा. स्वल्पविरामसुद्धा चुकवला नाही. मी म्हटलं, "तुला वाटलं मला वाचता येत नाही. मला वाचता येतं. वाचून ऐकत नाही मी, तो वेगळा दोष आहे, आणि त्याची शिक्षा दे. पण न वाचल्याची देऊ नकोस."

आणि मग ती भांडली. बाई, काय भांडली. मी वर्षभर जिची वाट बघत होते ती बाई कुठे लपली होती देव जाणे. फिल्टरच्या टाकाऊ पाण्यात गाळलेले सगळे क्षार उतरतात, ते या मॉसला विष आहे, म्हणून पिण्याचं लिहिलं होतं. टरफलं म्हणजे चुना, चुना म्हणजे मरण. सातव्या ओळीत फोन करा लिहिलं होतं, फोन करायला कमीपणा वाटतो का. कपसुद्धा तिच्या मैत्रिणीने दिलेला होता. जाकीट पहिल्या पगाराचं होतं. केर काढताना कोपरे मी सोडत नाही, तुमच्या पेट्या आहेत कोपऱ्यांत. मीही गप्प बसले नाही. माझं मशीन कपाटामागे कोणी टाकलं? कागद ह्यांना का समजावला? त्रास नको म्हणे. मला त्रास नको असता तर मी संसार केला असता का? हे मध्ये एकदा आले, दोघींकडे बघून मान डोलावली आणि निघून गेले.

ऐन रागात ती थांबली. कान टवकारून म्हणाली, "एसी चालू आहे ना? टपटप कशी नाही?"

आता लपवून काय राहणार होतं. मी तिला गॅलरीत नेलं आणि चाळणी दाखवली, माझी चोरी. ती खाली बसली. मीही वाकून बघितलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच नीट बघितलं. चाळणीत हिरवंगार उभं होतं. मूठभर नेलेलं दीड मूठ झालं होतं, भोकांमधून खाली डोकावत होतं. सून म्हणाली, एसीचं पाणी हवेतून आलेलं, त्यात क्षार नसतात, आणि इथे उजेड आहे पण ऊन नाही. म्हणजे ज्याला मी जपलं ते मेलं, आणि ज्याला झोपेसाठी राबवलं ते जगलं. हे मी स्वतःबद्दल ऐकून घेतलं.

वीस तारखेला ती दोन्ही घेऊन गेली, मेलेला ट्रे आणि माझी चाळणी. उगाच आशा लावत नाही, नोकरी मिळाली नाही. साहेबांनी चाळणी फिरवून फिरवून बघितली, असं पाणी देण्याची कल्पना कोणाची ते विचारलं, हसले, आणि म्हणाले, अर्जात हातभर ट्रे लिहिला आहे, दीड मूठ नाही, आणि नोंदवहीत पाच आठवडे कोरे आहेत. जागा पुन्हा निघेल तेव्हा या. म्हणजे पुढच्या वर्षी. संध्याकाळी तिने मुलाला फोन केला. मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांचं काही सांगता येत नाही. ती त्याला म्हणत होती की सामान एवढ्यात नको बांधायला, ट्रे भरायला वर्ष लागेल आणि ते इथल्या एसीशिवाय जमणार नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिने नवा कागद लिहिला. यावेळी तो ह्यांच्याकडे गेला नाही, माझ्या हातात आला. अक्षर इतकं बारीक की मला चष्मा शोधावा लागला. पहिलीच ओळ, चाळणीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, चाळणी माझी आहे, लग्नातली आहे, मला उद्या पीठ चाळायचं आहे. ती म्हणाली, नवीन आणा, ही मिळणार नाही. मी म्हटलं, माझ्या घरात माझीच चाळणी मला मिळणार नाही? ती म्हणाली, नाही, आणि तुमचं मशीनही आज बाहेर काढतेय, ते कुठे ठेवायचं ते आधी सांगा, मागाहून कुरकुर ऐकणार नाही.

मी चष्मा काढला, पुसला, आणि तिला सांगून टाकलं, "भांडतेस बरी. वर्ष उगाच वाया घालवलंस."